व्हिडिओतून फोटो काढायचाय? आधी खुर्च्या मोजा

फोटो निघतो. केवढा निघतो, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच कारणानं येतो. घरातलं म्हातारं माणूस जातं, तेरवीला फ्रेम लावायची असते आणि त्या माणसाचा धड एकही फोटो सापडत नाही. आधार कार्डावरचा असतो, पण तो कोणालाच बघवत नाही. मग कोणाला तरी आठवतं, की पुतणीच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये आबाजी मांडवात खुर्चीवर बसलेले दिसतात. "भाऊ, याच्यातून आबाजीचा फोटू निघन काय?" म्हणत सीडी, पेनड्राइव्ह किंवा नुसता मोबाइल काउंटरवर येतो. त्याला "हो" किंवा "नाही" असं थेट उत्तर देणारा शूटिंगवाला अंदाजानं बोलतोय असं समजा. उत्तर मोजून द्यायचं असतं, आणि त्या मोजणीला दोन मिनिटं पुरतात.

आधी आकडे. जुन्या व्हिडिओ सीडीची फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) ३५२ बाय २८८, म्हणजे जेमतेम एक लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. डीव्हीडी ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाख चौदा हजार. ७२०पी म्हणतात ती एचडी १२८० बाय ७२०, नऊ लाख एकवीस हजार. फुल एचडी १९२० बाय १०८०, वीस लाख त्र्याहत्तर हजार. ४के ३८४० बाय २१६०, साधारण त्र्याऐंशी लाख. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे फुल एचडी डीव्हीडीच्या बरोबर पाचपट आणि ४के बरोबर वीसपट. मेगापिक्सेलच्या भाषेत फुल एचडीचा स्टिल (व्हिडिओतून काढलेला फोटो) दोन मेगापिक्सेलचा आणि ४केचा आठ मेगापिक्सेलचा. म्हणून ४८ मेगापिक्सेलवाल्या मोबाइलनं ४के व्हिडिओ काढला तरी त्यातला फोटो आठच्या वर जात नाही. डब्यावरचा तो आकडा फोटोचा असतो, व्हिडिओचा नसतो.

पण अख्खी फ्रेम कोणाला हवी असते? हवा असतो एक चेहरा. म्हणून फ्रेमचे पिक्सेल सोडा, चेहऱ्याच्या वाट्याला किती आले ते बघा.

मोठ्या माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरा. पासपोर्ट आकाराच्या फोटोत चेहरा अंदाजे दोन सेंटिमीटर रुंद येतो आणि ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्यासाठी २३६ पिक्सेल लागतात. आता उलटा हिशेब केला, तर ४केमध्ये चौकटीत दिसणाऱ्या जागेची रुंदी २.६ मीटरपर्यंत असेल तरच त्यातल्या एका चेहऱ्याला तेवढे पिक्सेल मिळतात. फुल एचडीत ती रुंदी १.३ मीटर होते आणि डीव्हीडीत अर्धा मीटर. मांडवात टेप घेऊन कोणी बसत नाही, म्हणून खुर्च्या मोजायच्या. प्लास्टिकची हातवाली खुर्ची साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद असते. चौकटीत आडव्या चार खुर्च्या मावत असतील तर ४केमधून पासपोर्ट फोटो निघेल. दोन मावत असतील तर फुल एचडीतूनही निघेल. डीव्हीडीत एक खुर्चीसुद्धा पुरती मावायला नको, म्हणजे छातीपर्यंतचा क्लोजअप हवा.

तेरवीची फ्रेम मोठी असते. ८ बाय १० इंचात चेहरा तीनेक इंच येतो. ती भिंतीवर टांगलेली, लांबून बघायची म्हणून १५० डीपीआय चालतं, तरी ४५० पिक्सेल हवेतच. म्हणजे ४केमध्ये चौकटीत दोन खुर्च्या, फुल एचडीत एक. डीव्हीडीत हे बसतच नाही. तिथे घरच्यांना आधीच सांगावं, की एवढा मोठा केला तर फोटो फुटणार. त्याऐवजी चेहरा ४ बाय ५ इंचात छापून भोवती रुंद पांढरा माउंट द्यावा आणि मग ८ बाय १०च्या फ्रेममध्ये बसवावा. डीव्हीडीची पूर्ण उंची उभ्या चौकटीत कापली तर ४६० बाय ५७६ पिक्सेल मिळतात. ४ बाय ५ इंचाला ते ११५ डीपीआय पडतात, ८ बाय १०ला ५८. पहिला हातात घेऊन बघता येतो, दुसऱ्यात डोळ्यांच्या जागी चौकोन दिसतात. फ्लेक्सचं गणित मात्र सैल आहे. श्रद्धांजलीच्या बॅनरवर दीड फूट रुंद फोटो असेल आणि लोक दहा-पंधरा फुटांवरून बघणार असतील, तर ४० डीपीआय पुरे. १८ इंचांना ७२० पिक्सेल. लहान फ्रेममध्ये फुटलेला फोटो बॅनरवर बरा दिसला, असं अनेकदा होतं ते याचमुळे. त्यात जादू काही नाही.

कोणती प्रत हातात आहे?

रिझोल्यूशन, म्हणजे फ्रेमचं पिक्सेलमधलं माप, सारखं असूनही दोन प्रतींतून वेगळेच फोटो निघतात. फरक असतो प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला आलेल्या डेटाचा. व्हिडिओ सीडीचा दर सेकंदाला ११५० किलोबिट. त्याला २५ फ्रेमनी भागलं की एका फ्रेमला पावणेसहा किलोबाइट. एवढ्यात चेहरा बसवायचा! तीन तासांचं लग्न एका ४.७ जीबीच्या डीव्हीडीत कोंबलं असेल तर फ्रेममागे साधारण १७ किलोबाइट. मिनीडीव्ही कॅसेटवर मात्र फ्रेमचं माप डीव्हीडीइतकंच, ७२० बाय ५७६, पण प्रत्येक फ्रेमला ठरलेले १४४ किलोबाइट. डीव्हीडीच्या आठपट.

म्हणून घरच्यांनी आणलेल्या सीडीवर डोकं आपटण्याआधी विचारा, की शूटिंग कोणी केली होती आणि मूळ कॅसेट कोणाकडे आहे. पुष्कळ शूटिंगवाल्यांकडे जुन्या कॅसेट खोक्यात पडून असतात. मिनीडीव्ही मिळाली तर ती फायरवायरच्या वायरनंच संगणकात घ्या. पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही वायरनं घेतली तर चित्र आधी ॲनालॉग होतं आणि परत डिजिटल, त्यात धार जाते. फायरवायरनं कॅसेटवरचे आकडे जसेच्या तसे येतात. एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. आजच्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, जुन्या डेस्कटॉपला सापडतं.

व्हीएचएस असेल तर अपेक्षा आधीच खाली आणा. संगणकात घेतल्यावर फाइल ७२० बाय ५७६ दाखवते, पण व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो आणि रंगाचा त्याहून कितीतरी कमी. फाइलचं माप पातेल्याएवढं, आतलं दूध वाटीभर. व्हीसीआरवर पॉज करून तो पडदा टिपायचा मोह टाळा. पॉजमध्ये चित्र थरथरतं आणि पांढरे पट्टे येतात. कॅसेट चालती ठेवून सगळी संगणकात घ्या, थांबवायचं ते संगणकावर. कॅसेटच्या काचेतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते.

ओरखडे पडलेली डीव्हीडी सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवून मऊ कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. मग आतल्या व्हीओबी (व्हिडिओच्या) फायली आधी हार्डडिस्कवर कॉपी करा आणि काम त्या प्रतीवर करा.

आता सगळ्यात वाईट प्रत कोणती, तर व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं आलेला व्हिडिओ. तो पाठवतानाच लहान झालेला असतो आणि डेटाही पिळून काढलेला असतो. मूळ व्हिडिओ ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याला सांगा, व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तसे २ जीबीपर्यंत फाइल जशीच्या तशी जाते. गावात नेट रडत असेल तर सरळ पेनड्राइव्ह किंवा वायर. स्टेटसवरून डाउनलोड केलेल्या व्हिडिओतून फ्रेमचा फोटो होत नाही, ते सांगून मोकळं व्हावं.

फाइल हातात आली की तिचे खरे आकडे बघा. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. फ्रेमची रुंदी, उंची, डेटा रेट आणि फ्रेम रेट तिथेच दिसतात. व्हीएलसी या फुकटच्या व्हिडिओ प्लेयरमध्ये टूल्स मेनूत कोडेक इन्फर्मेशन. ४के लिहिलंय आणि डेटा रेट १५ हजार किलोबिटच्या आसपास असेल, तर हलणाऱ्या माणसांच्या फ्रेम मेणासारख्या दिसणार हे धरून चला.

स्क्रीनशॉट का नको

मोबाइलवर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. फोनचा पडदा २४०० बाय १०८० असेल तर आडव्या ४के व्हिडिओचा स्क्रीनशॉट निघतो १९२० बाय १०८०चा, बाकी काळ्या पट्ट्या. त्र्याऐंशी लाखांतले वीस लाख आले, तीन चतुर्थांश फोटो तिथेच गेला. वर पॉजची खूण आणि बॅटरीची टक्केवारी फुकट. गूगल फोटोजमध्ये व्हिडिओ उघडून एडिटमध्ये गेलं की एक्स्पोर्ट फ्रेम हा पर्याय मिळतो, तो पूर्ण मापाची फ्रेम देतो. काही फोनच्या गॅलरीतही असं बटण असतं.

संगणकावर व्हीएलसी पुरतं. व्हिडिओ मेनूमधलं टेक स्नॅपशॉट, किंवा शिफ्ट आणि एस एकत्र. आधी प्रेफरन्सेसच्या व्हिडिओ भागात स्नॅपशॉटचा प्रकार पीएनजी करून घ्या, जेपीजी नको. एकदा दाबलेलं चित्र परत दाबायचं कशाला? ई हे बटण एकेक फ्रेम पुढे नेतं. मागे जाण्याची सोय मात्र तशी नाही, आणि चांगली फ्रेम नेहमी एक पाऊल मागे राहिलेली असते. त्यासाठी ॲव्हिडेमक्स चांगलं, फुकट आहे. डाव्या-उजव्या बाणांनी एकेक फ्रेम, वर-खाली बाणांनी एका मुख्य फ्रेमवरून दुसऱ्या मुख्य फ्रेमवर. खाली फ्रेमचा प्रकारही लिहून येतो, आय, पी किंवा बी.

हे आय-पी-बी काय, तर व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. आय फ्रेम पूर्ण असते. पी आणि बी फ्रेममध्ये बहुतांशी आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. डीव्हीडीत १२ ते १५ फ्रेममागे एक आय येते. म्हणून आधी आय फ्रेम बघाव्यात. पण त्याचं वेड लावून घेऊ नये. डोळे मिटलेल्या आय फ्रेमपेक्षा डोळे उघडलेली पी फ्रेम केव्हाही बरी.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढताना एक खड्डा आहे, ज्यात अनुभवी लोकही पडतात. टाइमलाइन फुल एचडीची आणि त्यावर टाकलेली क्लिप ४केची असेल, तर तिथून निघणारा स्टिल फुल एचडीचाच निघतो. डाविंची रिझॉल्व्हमध्ये तसंच, प्रीमियरच्या प्रोग्रॅम मॉनिटरमधूनही तसंच. प्रीमियरमध्ये सोर्स मॉनिटरमधून फ्रेम काढा, नाहीतर टाइमलाइन क्लिपच्या मापाची करून घ्या. स्टिल काढल्यावर त्याची रुंदी एकदा बघायची सवय लावली की हा खड्डा आपोआप टळतो.

जुन्या शूटिंगचा आणखी एक रोग म्हणजे कंगवा. हात हलवणाऱ्या माणसाच्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. कारण तेव्हा एक फ्रेम दोन अर्ध्या भागांनी बनायची. आधी एकाआड एक ओळींचा एक भाग, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळींचा दुसरा. त्यात माणूस हलला की दोन वेगळ्या क्षणांचे हात एकमेकांत गुंफले जातात. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमधून डीइंटरलेस चालू करा आणि मोड याडिफ २एक्स ठेवा. त्यानं सेकंदाला २५च्या जागी ५० चित्रं मिळतात, म्हणजे चांगला क्षण सापडायची शक्यता दुप्पट. माणूस अगदी स्तब्ध बसलेला असेल तर मात्र डीइंटरलेस करू नका. दोन्ही भाग जुळलेलेच असतात, उगाच उभी धार कमी होते.

डीव्हीडीचा पिक्सेल चौकोनी नसतो, हेही विसरू नका. जुन्या ४:३ शूटिंगचा स्टिल ७२०चा आला तर रुंदी ७६८ करा, उंची ५७६च. रुंद पडद्याचं शूटिंग असेल तर रुंदी १०२४. हे केलं नाही तर आबाजी उपाशी राहिल्यासारखे बारीक दिसतात आणि घरचे म्हणतात, "असे नव्हते हो ते." हेच १४४० बाय १०८०च्या जुन्या एचडीव्ही शूटिंगला लागू, ती १९२०पर्यंत ताणायची असते.

रंगाकडे वळू. स्टिल राखाडी, धुरकट दिसत असेल तर बऱ्याचदा व्हिडिओचा काळा १६वर आणि पांढरा २३५वर बसलेला असतो आणि फोटोच्या सॉफ्टवेअरला तो ० ते २५५ हवा असतो. लेव्हल्समध्ये डावं टोक १६, उजवं २३५ करा, फोटो लगेच खुलतो. लाल शालूची कड मात्र खुलणार नाही. व्हिडिओत उजेडाचा तपशील पूर्ण असतो, पण रंगाचा चौथा हिस्साच साठवला जातो. म्हणून लाल रंग शालूच्या काठाबाहेर सांडल्यासारखा दिसतो. नव्या मोबाइलवर एचडीआर (उजेड-अंधार जास्त पकडणारा) व्हिडिओ चालू असेल तर त्याचा स्टिल संगणकावर फिका पडतो. फोटो काढायचेच आहेत हे आधी माहीत असेल तर तो पर्याय बंद ठेवून शूट करा.

दाणे घालवायची मेहनत

रात्रीच्या मांडवात बल्बच्या उजेडात काढलेलं शूटिंग असेल तर चेहऱ्यावर दाणे, म्हणजे चित्रातली खरखर, असते. इथे व्हिडिओ फोटोपेक्षा श्रीमंत असतो. त्याच चेहऱ्याच्या तुमच्याकडे एक नाही, पन्नास फ्रेम असतात. माणूस दोन सेकंद स्थिर बसलेला भाग शोधा आणि त्यातून नऊ फ्रेम काढा. लागोपाठच्या नको, मध्ये तीन-चार सोडून घ्या, कारण लागोपाठच्या फ्रेममध्ये तेच दाणे कॉपी झालेले असतात. गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेनूतून ओपन ॲज लेयर्सनं सगळ्या एकावर एक आणा, डोळ्यांच्या बुबुळांवर जुळवा आणि ओपॅसिटी (लेयर किती टक्के दिसावा ते) खालून वर अशी द्या: सगळ्यात खालची १००, तिच्यावरची ५०, मग ३३, २५, २०, १७, १४, १३, ११. यानं नऊच्या नऊ फ्रेम सारख्या वजनानं मिसळतात. दाणे तत्त्वतः एक तृतीयांश होतात. दाबलेल्या व्हिडिओत तेवढा फायदा मिळत नाही, पण कातडी आणि मिशांमधला फरक परत दिसायला लागतो. फोटोशॉपमध्ये हेच लोड फाइल्स इनटू स्टॅकनं होतं. तिथे आपोआप जुळवायला सांगा, सगळे लेयर मिळून स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोड मीडियन ठेवा. मीडियनचा एक जास्तीचा फायदा म्हणजे एखाद्याच फ्रेममध्ये समोरून गेलेला वाढपी गायब होतो.

फोटो खुलवून देणारी एआयची ॲप्स आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका, विशेषतः गेलेल्या माणसाच्या फोटोसाठी. चेहऱ्यावर साठच पिक्सेल असतील तर ॲपला पापण्या, दात, सुरकुत्या यांतलं काहीच माहीत नसतं. ते मनानं घालतं. फोटो झकास दिसतो, पण तो दुसऱ्याच म्हाताऱ्याचा असतो, आणि हे पहिल्यांदा ओळखते ती घरची बाई. वापरायचंच तर ॲपचा फोटो मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवा आणि ओपॅसिटी ४०च्या आसपास आणा. कपडे, फेटा, मागची भिंत यांना जास्त चालेल, डोळ्यांना कमी. छापण्याआधी बारीक दाणे थोडेसे परत घाला. गुळगुळीत फोटोपेक्षा दाणेदार फोटो डोळ्यांना धारदार वाटतो.

शंकरपटात वेगळंच गणित

आतापर्यंत बसलेल्या माणसांची गोष्ट झाली. पळणाऱ्या बैलांना रिझोल्यूशन वाचवत नाही. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यापासून आणि मे २०२३मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवल्यापासून विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, पुन्हा जोरात भरतात, आणि प्रत्येक जोडीच्या मालकाला बॅनरसाठी चारी पाय हवेतला फोटो पाहिजे असतो.

समजा जोडी ताशी ३६ किलोमीटरनं पळतेय. म्हणजे सेकंदाला १० मीटर. शटर १/५० सेकंद असेल तर ते उघडं असेपर्यंत बैल २० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. चौकट १० मीटर रुंद धरली तर ४केमध्ये एका मीटरला ३८४ पिक्सेल, म्हणजे बैलाचं तोंड ७७ पिक्सेल लांब फरफटलेलं. फुल एचडीत फरफट ३८ पिक्सेल. आकडा अर्धा, पण बैलही अर्धाच, म्हणजे फोटो तितकाच वाईट. आता शटर १/१००० करा. बैल एकच सेंटिमीटर सरकतो, ४केमध्ये चार पिक्सेल. वशिंडावरचा गुलाल दिसतो, वेसणीचा दोर दिसतो. १/५०च्या ४केपेक्षा १/१०००ची फुल एचडी शंभरदा चांगली, आणि हे पटल्याशिवाय नवा कॅमेरा घेऊ नये.

व्हिडिओवाल्यांना शिकवलेलं असतं, की २५ फ्रेमला शटर १/५०च ठेवायचं, म्हणजे हालचाल मऊ दिसते. ते बरोबरच आहे, पण व्हिडिओसाठी. स्टिल हवे असतील तर तो नियम मोडावा लागतो आणि मग व्हिडिओ थोडा कडक, उड्या मारल्यासारखा दिसतो. दोन्ही एकाच क्लिपमध्ये मिळत नाही. मालकाला काय हवंय ते आधी विचारून घ्या. मोबाइलवाल्यांचं एका अर्थी बरं आहे. भर उन्हात मोबाइल स्वतःच शटर बारीक करतो, कारण त्याला भिंग आवळून उजेड कमी करता येत नाही. त्यामुळे दुपारच्या पटाचे मोबाइलचे स्टिल धारदार येतात आणि सूर्य कलला की त्याच मोबाइलचे फरफटायला लागतात.

कोणती जोडी आधी पोहोचली यावर वाद झाला की लोक व्हिडिओकडे धावतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्ये जोडी ४० सेंटिमीटर पुढे जाते, ५० फ्रेमच्या व्हिडिओत २०. म्हणजे अर्ध्या हाताचा फरक २५ फ्रेममधून ठरवता येत नाही, कितीही ४के असू द्या. त्यातही कॅमेरा अंतिम रेषेच्या बरोबर सरळीत, तिवईवर, न हलवता ठेवलेला असेल तरच त्या फ्रेमला अर्थ. तिरप्या जागेवरून एखादी जोडी उगाच पुढे दिसते. जोडीबरोबर कॅमेरा फिरवला तर उभे खांबही तिरपे येतात, कारण मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम नाही, वरून खाली ओळीनं वाचतो.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रीचा प्रश्न. काळोखात एकटा उजळलेला नट, त्यामुळे कॅमेरा सगळं उजळ करायला जातो आणि चेहरा पांढरा फट्ट पडतो. चेहऱ्यावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा आणि थोडं खाली आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१००. इतर आकड्यांवर एलईडीच्या उजेडाचे पट्टे चित्रातून सरकतात आणि नेमक्या हव्या त्या फ्रेममध्ये नाकावरून काळा पट्टा जातो. या शटरला हालचाल फरफटणारच, म्हणून स्टिल शोधायचे ते वाक्य संपल्यानंतरच्या थांब्यात. नट टाळीसाठी थांबतो ना, तिथे.

एप्रिल-मेच्या लग्नात मात्र मोबाइलच हात टेकतो. पारा ४५च्या वर, वर पत्र्याचा किंवा कापडाचा मांडव, आणि ४के ६० फ्रेमवर सलग रेकॉर्डिंग. दहा-पंधरा मिनिटांत फोन गरम होऊन रेकॉर्डिंग बंद करतो, तेही नेमकं अक्षता पडायच्या वेळी. कव्हर काढा, ६०च्या जागी ३० किंवा २५ फ्रेम ठेवा, मंगलाष्टकं चालू असताना छोट्या क्लिप घ्या आणि फोन चार्जिंगला लावून शूट करू नका.

कोणतं रिझोल्यूशन खरं, ते सातबाऱ्यावर तपासा

मोबाइल ४के म्हणतो तो खरंच तेवढा तपशील देतो का, हे घरीच तपासता येतं. सातबाऱ्याचा छापील उतारा भिंतीवर चिकटवा, त्यात बारीक अक्षरं आणि रेघा दोन्ही असतात. फोन तिवईवर किंवा विटांच्या आधारानं सहा फुटांवर ठेवा, दिवसाच्या सावलीतल्या उजेडात. ७२०पी, फुल एचडी आणि ४के अशा प्रत्येकी दहा सेकंदांच्या क्लिप घ्या. काही फोन ४केला चौकट आतून कापतात, त्यामुळे कागद मोठा दिसतो आणि तुलना फसते. तसं झालं तर फोन मागे सरकवा आणि प्रत्येक क्लिपमध्ये कागदानं चौकटीचा तेवढाच भाग व्यापलाय याची खात्री करा. मग प्रत्येकीतून एक फ्रेम काढा, लहान फ्रेम ३८४० रुंदीपर्यंत मोठ्या करा आणि तिन्ही एकाखाली एक ठेवा. गट क्रमांक सगळ्यांत वाचता येईल. बारीक टिपा फक्त ४केमध्ये वाचता आल्या तर ४के खरं. फुल एचडीत आणि ४केत सारख्याच धूसर असतील तर तो फोन फुल एचडीवरच ठेवा. जागा वाचेल, फोन कमी तापेल आणि प्रत्येक पिक्सेलला डेटाही सहसा जास्त मिळेल. हीच चाचणी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली परत करा. सकाळी ४केला पास झालेले बरेच फोन तिथे नापास होतात.

स्टिल तयार झाला की पीएनजी मूळ म्हणून ठेवा आणि लॅबला जेपीजी पूर्ण क्वालिटीवर द्या. १६:९ची फ्रेम ४ बाय ६ इंचाच्या कागदावर पूर्ण बसत नाही, बाजूंचं कापलं जातं. कुठलं कापायचं ते तुम्हीच ठरवून ३:२मध्ये कापून पाठवा, नाहीतर लॅबचं मशीन मधोमध धरून कडेला बसलेल्या आत्याबाईंना उडवतं. आणि ऑर्डरवर ऑटो करेक्शन बंद असं लिहायला सांगा. व्हिडिओतून काढलेल्या फोटोवर मशीन धार वाढवतं, तेव्हा आधी न दिसणारे चौकोन कागदावर वर येतात.